गेटिसबर्गला आरव्ही घेऊन जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळी सहलींबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गबद्दल बरीच पत्रं आली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली (उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची राज्यं) सर्वांत मोठी लढाई इथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली. न्यू जर्सी, मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या मराठी कुटुंबांना एका लांब वीकएंडमध्ये जमणारं हे ठिकाण आहे. गावाभोवती आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या करायची रिझॉर्टही पुष्कळ आहेत. निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आई-बाबा पुण्याहून आले आहेत. ते दोघं, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण. मोटारहोम भाड्यानं घेऊन तीन रात्री राहायचं आहे. किती मोठी गाडी घ्यावी? रणभूमीही त्याच गाडीतून बघता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. रणभूमीतले रस्ते अरुंद आहेत, बरेचसे एकदिशा आहेत आणि थांबायच्या जागा कारच्या मापाच्या आहेत. लिटल राउंड टॉप टेकडी आणि तिच्यासमोरच्या डेव्हिल्स डेन या धोंड्यांच्या भागातल्या वळणांवर तीस फुटी गाडी अडकली की मागची सगळी रांग खोळंबते. बाल्टिमोर पाइकवरच्या म्युझियमच्या आवारात आरव्ही उभी करायला जागा आहे, पण तिथून पुढे पायी किती फिरणार? म्हणून सोबत एक साधी कार हवीच. भाड्याच्या मोटारहोममागे कार ओढायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत, तेव्हा एकानं मोटारहोम चालवावी आणि दुसऱ्यानं कार. एडिसनहून अंतर साधारण १८० मैल आहे. कारला साडेतीन तास लागतात, मोटारहोमला चार-साडेचार धरा.

आता गाडीची लांबी. जाहिरातीत किती जण झोपू शकतात ते ठळक छापलेलं असतं. तुम्ही मात्र सीटबेल्ट मोजा, कारण गाडी चालू असताना प्रत्येकाला बेल्ट हवा. मग पलंग बघा. क्लास सी गाडीत, म्हणजे मधल्या आकाराच्या मोटारहोममध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकवर शिडीनं चढावं लागतं. तो मुलांसाठी उत्तम आणि सत्तरीच्या माणसासाठी अजिबात नाही. जेवणाचं टेबल पाडून होणारा पलंग आखूड असतो. आई-बाबांना मागची बेडरूम द्या म्हणजे रात्री बाथरूमही जवळ पडतं. सहा जणांना २८ ते ३० फुटी गाडी पुरते. रिझॉर्टमध्ये केबिन मिळत असतील तर आमचा सल्ला असा: आई-बाबांसाठी शेजारची केबिन घ्या आणि तुम्ही २५ फुटी गाडीत राहा. गाडी चालवायला सोपी जाते आणि सकाळी बाथरूमसाठी रांग लागत नाही.

जागा ठरवताना फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात. साइटची, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेची, लांबी किती फूट? पुल-थ्रू (एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर पडता येणारी) आहे की बॅक-इन (रिव्हर्स घेऊन लावायची)? वीज ३० अँपची की ५० ची? सांडपाण्याचं तोंड साइटवरच आहे की टाकी रिकामी करायला दूर सामायिक डंप स्टेशनवर जावं लागेल? आणि साइटवर जादा कार उभी करता येईल का? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पुल-थ्रू आणि फुल हुकअपच (वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या साइटवरच) घ्यावं. थोडे डॉलर जास्त जातात, पण संध्याकाळी दमून पोचल्यावर अंधारात मोटारहोम रिव्हर्स घेण्याचा ताप वाचतो.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मॅकमिलन वूड्स नावाचा एक कॅम्प आहे, पण तो फक्त संघटित युवा गटांसाठी. कुटुंबांना खासगी रिझॉर्ट किंवा आसपासची स्टेट पार्क हेच पर्याय. गावाच्या पश्चिमेला रूट ३० वर कॅलेडोनिया स्टेट पार्क आहे. तिथे शांतता आहे, झाडी दाट आहे, सोयी कमी आहेत. थॅडियस स्टीव्हन्स या गुलामगिरीविरोधी नेत्याची लोखंडाची भट्टी तिथे होती. लढाईच्या काही दिवस आधी, जून १८६३ मध्ये, दक्षिणेच्या सैन्यानं ती जाळली.

तारखांबद्दल एक विनंती. पहिलीच खेप असेल तर जुलैचा पहिला आठवडा टाळा. लढाईचा वार्षिक दिवस आणि चार जुलैची सुट्टी एकत्र येते, साइट महिनोन्महिने आधी भरतात आणि उकाडा असह्य असतो. मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये हीच जागा निवांत बघता येते.

प्रश्न (फ्रँकलिन टाउनशिप, न्यू जर्सी): मागच्या सहलीत एसी चालू असताना इंडक्शनवर कुकर ठेवला की वीज जायची. रिझॉर्टवाले म्हणाले, आमचा दोष नाही. मग दोष कुणाचा?

दोष बेरजेचा. ३० अँपच्या जोडणीत ३० गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३६०० वॅट मिळतात. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना १२-१३ अँप घेतो, सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. १८०० वॅटचं इंडक्शन पूर्ण आचेवर १५ अँप घेतं. बॅटरीचा चार्जर ३ ते ६ अँप. झाले ३० च्या वर, ब्रेकर पडणारच. त्यात पाण्याचा हीटर विजेवर असेल तर तो एकटाच १२ अँप खातो, आणि तो चालू आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं.

उपाय असे. पाण्याचा हीटर आणि, सोय असेल तर, फ्रीज गॅसवर टाका. त्याआधी हीटरच्या टाकीत पाणी भरलं आहे याची खात्री करा: सिंकचा गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येऊ द्या. रिकाम्या टाकीत विजेचा हीटर सुरू केला तर त्याची कॉइल लगेच जळते. इंडक्शन ९०० वॅटवर चालवा किंवा कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एसी बंद ठेवा. सहा क्वार्टचा विजेवरचा प्रेशर कुकर १००० वॅटचा, म्हणजे साधारण सव्वाआठ अँपचा असतो. तो एसीबरोबर चालतो.

सगळ्यात चांगली युक्ती साइटवरच्या पेडेस्टलमध्येच आहे. त्या खांबोट्यावर ३० आणि ५० अँपच्या सॉकेटशेजारी बहुधा २० अँपचं वेगळं घरगुती सॉकेट असतं, स्वतंत्र ब्रेकरचं. त्यातून १२ गेजची जाड, बाहेर वापरायची एक्स्टेंशन वायर काढा आणि इंडक्शन पिकनिक टेबलावर मांडा. गाडीवरचा भार हलका होतो, फोडणीचा धूर आत साचत नाही आणि स्मोक अलार्मही बोंबलत नाही. पाऊस आला की मात्र वायर आधी काढायची.

५० अँपच्या सॉकेटला अडॅप्टर लावून ३० अँपची गाडी जोडली की जास्त वीज मिळेल, असा एक समज आहे. तसं होत नाही. गाडीचा स्वतःचा मुख्य ब्रेकर ३० चाच राहतो.

जोडण्याचा क्रम पाठ असू द्या. एसी बंद. पेडेस्टलचा ब्रेकर बंद. आधी सर्ज प्रोटेक्टर (सदोष विजेपासून गाडी वाचवणारं उपकरण) लावा, ब्रेकर चालू करून त्याचे दिवे बघा. वायरिंग बरोबर असल्याचं दिसलं की ब्रेकर पुन्हा बंद करा, गाडीची केबल जोडा, मग ब्रेकर चालू. अर्ध्या तासानं प्लगला बाहेरून हात लावून पाहा. कोमट चालेल. चटका बसत असेल, प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्या आहेत. ब्रेकर पाडून प्लग काढा आणि साइट बदलून मागा. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा व्होल्टेजही घसरतं. ते १०५ च्या खाली गेलं तर एसीचा कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो, म्हणून व्होल्टेज दाखवणारा आणि आपोआप तोडणारा प्रोटेक्टर घ्या.

प्रश्न (हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया): दुसऱ्या दिवसापासूनच गाडीत संडासाचा वास येतो. औषध टाकूनही जात नाही. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह आम्ही सतत उघडाच ठेवतो.

वासाचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. मैल्याच्या टाकीचा, म्हणजे ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून वाळतो. तो ढीग मग कशानंही हलत नाही. हा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम रिकामी करायची. भरपूर पाणी जोरानं गेलं तरच घट्ट भाग सोबत जातो.

सुरुवातीला रिकाम्या टाकीत दोन-तीन गॅलन पाणी आणि एन्झाइमचं औषध घाला. आपल्या लोकांना पाणी वापरायची सवय असते, ती इथे फायद्याचीच आहे. कागद कमी आणि पाणी जास्त हेच टाकीला हवं असतं. वाइप्स मात्र एकही नको, पाकिटावर फ्लश करता येतात असं छापलेलं असलं तरी नको.

रिकामी करायचा क्रम असा. आदल्या रात्री सिंक-शॉवरच्या ग्रे टँकचा व्हॉल्व्ह बंद करून त्यात पाणी साठू द्या. सकाळी हातमोजे घाला. तीन इंची होज गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला फिरवून घट्ट बसवा. होजला गाडीकडून तोंडाकडे अखंड उतार हवा, मध्ये झोळ राहिला तर तिथे घाण थांबते. आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडा. आवाज थांबला की तो बंद करा, संडासातून बादलीभर पाणी ओतून पुन्हा एकदा सोडा आणि पुन्हा बंद करा. मग ग्रे. साबणाचं पाणी होज धुऊन काढतं. क्रम उलटा झाला तर होज घाणच राहते.

एवढं करूनही वास येत असेल तर तीन जागा तपासा. संडासाच्या भांड्यात तळाशी इंचभर पाणी उभं राहायला हवं. राहत नसेल तर खालचं रबरी सील वाळलं किंवा झिजलं आहे. बाथरूममधला छताचा पंखा चालू असताना फ्लश केलं तर पंखा टाकीतली हवा आत ओढतो, तेव्हा पंखा आधी बंद करा. आणि प्रवासात हिंदकळून शॉवरखालच्या वळणातलं पाणी उडून जातं, तिथे मगभर पाणी ओता. टाकी रिकामी असूनही पॅनेलवर दोन-तृतीयांश दिसत असेल तर सेन्सरला कागद चिकटला आहे. दोन वेळा पाणी भरून सोडलं की बहुधा सुटतो.

ग्रे टँकलाही जपावं लागतं. रस्साभाजीचं तेल आणि भाताची शितं सिंकमध्ये गेली की आत कुजतात. भांडी आधी कागदानं पुसा, सिंकवर बारीक जाळी ठेवा आणि मग धुवा.

प्रश्न (कोलंबिया, मेरीलँड): आमच्याकडे एक पूर्ण दिवस आहे. वडील फार चालू शकत नाहीत आणि मुलगी दहा वर्षांची आहे. रणभूमी कोणत्या क्रमानं बघावी?

लढाई ज्या क्रमानं झाली त्या क्रमानं. नकाशावर जे जवळ दिसतं ते आधी बघितलं की सगळं पुतळ्यांचं प्रदर्शन होऊन बसतं, लढाई कळत नाही. उद्यानाचा स्वतःच्या कारनं फिरायचा मार्ग २४ मैलांचा आहे आणि त्यावर १६ थांबे आहेत. त्यांचे क्रमांक याच हिशोबानं आहेत. मैदानात फिरायला प्रवेशशुल्क नाही, म्युझियमला तिकीट आहे.

सकाळी मॅकफर्सन रिज आणि ओक रिज (रिज म्हणजे लांबट उंचवटा): हा पहिला दिवस. दक्षिणेचं सैन्य वायव्य आणि उत्तरेकडून आलं आणि उत्तरेच्या फौजा गावातून मागे हटून गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर जमल्या. मग सेमिनरी रिजवरून खाली लिटल राउंड टॉप, व्हीटफील्ड, पीच ऑर्चर्ड: हा दुसरा दिवस. शेवटी सेमेटरी रिज: हा तिसरा.

या साखळीत वेळ कुठे द्यायचा हे महत्त्वाचं. आमच्या मते दोन जागा. लिटल राउंड टॉपवर उत्तरेचे जनरल वॉरन यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून पश्चिमेला पाहिलं की खाली डेव्हिल्स डेनचे धोंडे आणि मधली दरी एका नजरेत येते, आणि एवढ्याशा उंचवट्यासाठी दोन्हीकडची माणसं का झुंजली हे मुलांनाही समजतं. टेकडीवर दुरुस्तीचं मोठं काम झालं आणि ती २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. तिथली पार्किंग मोजकीच आहे, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर जा.

दुसरी जागा म्हणजे व्हर्जिनिया मेमोरियल. घोड्यावर बसलेल्या रॉबर्ट ली या दक्षिणेच्या सेनापतींचा पुतळा समोरच्या मोकळ्या रानाकडे पाहतो. ३ जुलैच्या दुपारी दक्षिणेची सुमारे १२,००० माणसं इथल्या झाडीतून बाहेर पडून जवळपास मैलभर उघड्या शेतातून समोरच्या तोफांवर चालत गेली. त्यातली निम्म्याच्या आसपास मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. तुम्ही आणि मुलगी ती वाट चालत जा. गवत कापलेली पायवाट आहे आणि आरामात चाललं तरी अर्धा-पाऊण तास लागतो. मध्ये एमिट्सबर्ग रोड ओलांडताना वाहनं बघा. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भक्कम कुंपणापाशी क्षणभर थांबा. गोळीबारात ही कुंपणं ओलांडावी लागली आणि तिथेच अनेक जण पडले. जमीन दिसते तितकी सपाटही नाही. काही ठिकाणी खोलगट भागात समोरची टेकडी दिसेनाशी होते, आणि चालताना हे पायांना कळतं. तोवर कोणीतरी वडिलांना कारनं समोरच्या अँगल नावाच्या जागी घेऊन यावं. आजोबा-नातीची भेट तिथे, दगडी बांधापाशी. पानिपताची हकिगत ऐकत वाढलेल्या आजोबांना तिथे नातीला सांगण्यासारखं बरंच सुचेल.

दोन तासांसाठी परवानाधारक गाइड घेतलात तर पैसे सत्कारणी लागतील. तो तुमच्याच कारमध्ये बसतो, हवं तर कारही तोच चालवतो. परीक्षा घेऊन परवाना द्यायची ही पद्धत १९१५ पासून चालू आहे. आरक्षण आधी करा. मोटारहोमसाठी नव्हे, कारसाठी.

प्रश्न (रिचमंड, व्हर्जिनिया): बाल्टिमोरला भावाकडे थांबून पुढे गेटिसबर्गला जायचं आहे. गॅसच्या टाक्यांमुळे बोगद्यात अडवतात हे खरं का?

खरं आहे. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी चालत नाही. ट्रेलरवरच्या टाक्या सहसा २० किंवा ३० पौंडांच्या असतात, मोटारहोमची त्याहून मोठी. व्हॉल्व्ह बंद करून सूट मिळत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात, पण तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून कोसळला. म्हणून शहराच्या पश्चिम बाजूनं महामार्ग ६९५ घ्या. तिथून महामार्ग ७९५, मग रूट १४० नं वेस्टमिन्स्टर आणि पुढे रूट ९७. हाच रस्ता पेनसिल्व्हेनियात बाल्टिमोर पाइक होतो आणि तुम्ही थेट म्युझियमच्या दारावरून गावात शिरता. गाडीची उंची फूट-इंचात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. क्लास सी साधारण ११ ते १२ फूट असते, आणि पेट्रोल पंपाच्या छताखाली हा आकडा लागतो.

प्रश्न (पिस्काटावे, न्यू जर्सी): शेकोटीसाठी घरामागची लाकडं नेली तर चालतील?

नेऊ नका. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा झाडं पोखरणारा नव्हे, रस शोषणारा किडा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला आणि आता दोन्ही राज्यांत त्याच्यासाठी निर्बंध आहेत. लाकडांवरून त्याची अंडी पसरतात. ती वाळलेल्या चिखलाच्या डागासारखी दिसतात. रिझॉर्टमध्ये लाकडाच्या मोळ्या मिळतात, त्याच जाळा. शरद ऋतूत परतताना गाडीच्या चाकांच्या कमानी आणि बंपरखाली ते डाग शोधा आणि जुन्या कार्डानं खरवडून टाका.

लाकडांपेक्षा गोचिडांची काळजी जास्त करा. या भागात लाइम रोग पसरवणारे गोचीड आहेत. कपड्यांना आणि बुटांना ०.५ टक्के परमेथ्रिन आदल्या दिवशी मारून वाळू द्या, अंगाला कधीच लावू नका. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेला दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल किंवा काडी लावू नका. लाइमचा संसर्ग व्हायला सहसा २४ तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून रोज रात्री तपासलंत तर धोका खूप कमी होतो. नंतर काही आठवड्यांत ताप आला किंवा लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा.

प्रश्न (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया): मुलाला मेटल डिटेक्टर दिला आहे. जुन्या गोळ्या शोधू द्याव्या का? ड्रोन?

उद्यानाच्या जमिनीवर दोन्हींना बंदी आहे, आणि डिटेक्टर तर सोबत बाळगणंही गुन्हा ठरतो. दोन्ही घरीच ठेवा. गावातल्या दुकानांत अस्सल गोळ्या दाखल्यासह विकत मिळतात.

प्रश्न (जर्सी सिटी, न्यू जर्सी): १९ नोव्हेंबरला लिंकन यांच्या भाषणाच्या स्मरणाचा कार्यक्रम असतो. तेव्हा आरव्हीत राहता येईल का?

येईल, पण तयारी वेगळी लागते. लिंकन १८६३ मध्ये याच तारखेला सैनिकांच्या स्मशानभूमीत सुमारे दोन मिनिटं बोलले. त्यांच्याआधीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. दरवर्षी तिथेच कार्यक्रम होतो, आणि जवळच्या शनिवारी संध्याकाळी तिथल्या सैनिकांच्या थडग्यांवर दिवे लावतात.

अडचण पाण्याची. तोवर बरीच रिझॉर्ट हंगामापुरती बंद झालेली असतात आणि उघडी असली तरी साइटवरचे नळ बंद असू शकतात. आरक्षण करताना हेच आधी विचारा. रात्री पारा शून्याखाली गेला तर भरलेला होज सकाळी दांडक्यासारखा कडक होतो आणि त्याला जोडलेला, पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर फुटतो. म्हणून दिवसा गाडीची ताज्या पाण्याची टाकी भरा, होज काढून रिकामा करून ठेवा आणि पंपावर चालवा. सिंकखालची कपाटं रात्री उघडी ठेवा म्हणजे फर्नेसची (गाडीतल्या गॅसवरच्या हीटरची) ऊब पाइपांपर्यंत पोचते. छोट्या विजेच्या हीटरनं खोली तापवली तर थर्मोस्टॅटला वाटतं पुरेसं झालं, फर्नेस बंद राहते आणि गाडीच्या फरशीखालच्या टाक्या गोठतात. फर्नेस चालूच राहू द्या. त्यासाठी निघण्यापूर्वी प्रोपेन पूर्ण भरून घ्या.

प्रश्न (फ्रेडरिक, मेरीलँड): तिथूनच अँटिटॅमही एका दिवसात होईल का?

सहज. अँटिटॅमची रणभूमी मेरीलँडमधल्या शार्प्सबर्ग गावाजवळ आहे. शार्प्सबर्ग गेटिसबर्गहून कारनं सव्वा तासावर आहे. १७ सप्टेंबर १८६२ ला तिथे एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मार्ग साडेआठ मैलांचाच आहे, अर्धा दिवस पुरतो. डंकर चर्च, ब्लडी लेन आणि बर्नसाइड पूल हे तीन थांबे चुकवू नका. इथे प्रवेशशुल्क आहे. मोटारहोम साइटवर सोडून जाणार असाल तर निघण्यापूर्वी छत्रीसारखं बाहेर काढलेलं ऑनिंग (कापडी छप्पर) गुंडाळा आणि पाण्याचा नळ साइटवरच बंद करा. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळ फार झटकन येतं, आणि उघडं ऑनिंग उलटून छतावर गेलं तर त्याचे हात वाकतात.